भाचीला वाचायला शिकवायचंय आणि आपलं पुस्तकही संपवायचंय? मग हे वाचा

"तू तर सारखा पुस्तकात डोकं घालून असतोस, मग हिला पण शिकव की जरा." हे वाक्य ज्यांना ज्यांना घरात ऐकावं लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मामा, मावशी, आत्या, काका, कॉलेजातला दादा, कुणीही असा. आईबाबांना पण उपयोग होईल पण त्यांचं गणित वेगळं असतं, पोरं त्यांच्याकडे २४ तास असतात, आपल्याला संध्याकाळचा एक तुकडा मिळतो आणि नेमका तोच आपला वाचायचा तुकडा असतो. सगळा घोळ तिथे आहे.

माझं म्हणाल तर माझी ताई गेल्या जूनमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आली, डोंबिवलीत, दोन मजले खाली. भाची तेव्हा दुसरीत, इंग्लिश मीडियम. इंग्लिश बऱ्यापैकी वाचायची, मराठी म्हटलं की पोटात दुखायचं. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी विषय सक्तीचा झालाय, त्यामुळे टाळता येत नाही, आणि शाळेत तो आठवड्यातून मोजके तास उरकला जातो. तर ड्युटी मामावर. मी पण जोशात रोज एक तास घेऊन बसलो. दोन महिन्यांनी हिशोब काय, तर तिला मराठीचा राग, मला तिचा राग, आणि माझं एकही पुस्तक संपलेलं नाही. मग सगळं मोडून परत सुरुवात केली. खाली जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या सुरुवातीपासूनचं आहे.

पायरी १: पोर नक्की कुठे अडकलंय ते बघा

हे न करता थेट बाराखडी उघडली ही माझी पहिली चूक. मला वाटत होतं तिला काहीच येत नाही. प्रत्यक्षात तिला जवळजवळ सगळी अक्षरं येत होती पण ती फक्त क्रमानं. क ख ग घ म्हणताना गाडी सुसाट, पण मधलाच एक थ दाखवला की ती मनात क पासून सुरू करून थ पर्यंत यायची.

'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचे लोक 'असर'च्या सर्वेक्षणात गावोगावी मुलांचं वाचन बघतात, त्यात पायऱ्या अगदी साध्या आहेत: अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी तुम्हीही तेच करा, फार तर २० मिनिटं लागतात. एका कागदावर उलटसुलट १० अक्षरं लिहा, दुसऱ्यावर काना-मात्रा नसलेले शब्द (घर, बस, नळ), तिसऱ्यावर मात्रावाले, चौथ्यावर चार सोप्या वाक्यांचा उतारा. जिथे अडखळायला लागलं तिथे थांबायचं आणि तिथून शिकवायला सुरुवात. बघताना दुरुस्त करू नका, तोंड वाकडं करू नका, फक्त कुठे अडलं ते नंतर वहीत टिपून ठेवा (समोर टिपलं की त्यांना परीक्षा वाटते).

पोर चार-साडेचार वर्षांचं असेल तर यातलं काहीच नको, नुसती गोष्ट वाचून दाखवा आणि स्वतःचं पुस्तक वाचायला मोकळे व्हा. केंद्र सरकारचं २०२१ चं 'निपुण भारत' अभियान आहे ना, त्यातसुद्धा समजून वाचता येण्यासाठी तिसरी संपेपर्यंतची मुदत धरलीय. बालवाडीतल्या पोराला जोडाक्षरं येत नाहीत म्हणून घाबरणारे लोक फॅमिली ग्रुपवर भेटतील, त्यांना हात जोडून नमस्कार करायचा.

आणि पुस्तक नाकाला टेकवून धरत असेल किंवा फळ्यावरचं दिसत नाही म्हणत असेल तर आधी डोळे तपासून घ्या.

पायरी २: वेळेची वाटणी, आणि ती अर्धी-अर्धी नसते

एक तास बिलकुल नको. आमचं जे जमलं ते असं: संध्याकाळी साडेसातला १५ मिनिटं तिची, मग लगेच १५ मिनिटं गप्प वाचन. गप्प वाचन म्हणजे ती तिचं चित्रांचं पुस्तक घेऊन बसणार, मी माझं घेऊन बसणार, एकाच चटईवर, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. सुरुवातीला ती ५ मिनिटांत चुळबुळ करायची म्हणून ५ मिनिटांपासूनच सुरू केलं आणि दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवली, तिला कळलं पण नाही. वेळ लावायला फोन वापरू नका कारण फोन हातात आला की तुम्हीच त्यात अडकता, माझ्याकडे आईचं शिट्ट्या मोजायचं जुनं टायमर होतं ते घेतलं.

गप्प वाचनाचा नियम ताईनेच भिंतीवर लिहून लावला, मध्ये बोलायला फक्त तीन कारणं चालतील: पाणी, शू, आग. पहिल्या आठवड्यात तिला रोज तहान लागत होती. मग बाटली आधीच भरून ठेवायला लागलो.

आता महत्त्वाचं. या १५ मिनिटांत तुमचं फार वाचन होणार नाही हे धरूनच चाला, चार पानं झाली तर खूप. ती वेळ तिनं तुम्हाला वाचताना बघावं यासाठी आहे. आपण पोरांना नेहमी मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यामुळे त्यांना वाटतं वाचणं म्हणजे आवाज काढणं. माझ्या भाचीनं तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं होतं, "मामा, यात चित्रं पण नाहीत आणि तू बोलत पण नाहीयेस, मग तू करतोयस काय?" मला त्याचं उत्तर द्यायला बरीच मिनिटं लागली, आणि खरं सांगतो नीट देता आलं नाही.

तुमचं खरं वाचन दुसऱ्या वेळेला ठेवा आणि त्या वेळेत पोरगी, तिची आई, तुमची आई, कुणाचंच काही ऐकू नका. माझं आधी लोकलमध्ये व्हायचं असं मी सगळ्यांना सांगायचो. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये पुस्तक उघडून दाखवा, मानलं तुम्हाला, तिथे हात खिशापर्यंत पोचत नाही. कल्याणपर्यंत उलटं जाऊन सीट पकडली तरच वाचता येतं आणि त्यासाठी अर्धा तास लवकर निघावं लागतं. मग मी विचार केला की अर्धा तास लवकर उठायचंच आहे तर घरीच खुर्चीत बसून वाचतो की! सकाळी सहा ते पावणेसात, चहा आणि पुस्तक. हे ठरल्यापासून संध्याकाळी चिडचिड बंद झाली, कारण आपलं वाचन आधीच झालेलं असतं त्यामुळे पोरीनं एका 'भ'वर १० मिनिटं घालवली तरी आपलं काही चोरीला गेलंय असं वाटत नाही. तुम्हाला सकाळ जमत नसेल तर रात्री दहानंतर ठेवा, पण ठरवून ठेवा, "मिळेल तेव्हा वाचू" म्हणाल तर कधीच मिळणार नाही.

पायरी ३: अक्षरं कुठली आधी

इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण बहुतेक जण इथेच वाट लावतात, मी पण लावली.

अ ते ज्ञ आणि मग क ते ज्ञ बाराखडी असा रस्ता धरला तर पहिला वाचता येणारा शब्द यायला महिना जातो. जुने लोक पाटीवर श्रीगणेशा झाला की ग म भ न गिरवून घ्यायचे, त्यात डोकं होतं, चारही अक्षरांना उजवीकडे तसाच उभा दांडा, हाताला वळण लागतं. पण ते लिहिण्यासाठी. वाचण्यासाठी अशी पाच-सहा अक्षरं घ्या की ज्यांचे लगेच शब्द होतील. इंग्लिश मीडियमवाल्या पोरांना तर क, प, म, ग, ब, स एवढ्यात कप, मग, बस मिळतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर "अरे, हे तर मला येतं" असं येतं. पुढे न, र, घ, ळ, फ टाकले की घर, नळ, फळ, गरम. मग काना. मामा हा शब्द मी मुद्दाम सगळ्यात आधी घेतला, शिकवणाऱ्याला एवढा हक्क असतो. त्यानंतर काका, बाबा, नाना, पापा, सगळे नातेवाईक एकाच कान्यात उरकतात. आजीला वाईट वाटलं, तिला दुसरी वेलांटी येईपर्यंत थांबावं लागलं.

आता मराठीतले नेमके खड्डे सांगतो, हे कुठल्या ॲपमध्ये नीट सांगत नाहीत:

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढलेली दिसते पण वाचायची नंतर. इंग्लिशमधून आलेलं पोर डावीकडून सरळ वाचत येतं आणि 'दिवा'मध्ये आधी काहीतरी 'इ' म्हणायला बघतं. नुसतं समजावून होत नाही, दि, मि, कि, टि अशी दहा-बारा कार्डं दोन दिवस फिरवली की बसतं.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ट-ठ-ढ. आपल्याला वाटतं शेजारी ठेवले की फरक कळेल, उलट कायमचा गोंधळ होतो. एक पक्कं होऊ दे, आठवडाभरानं दुसरं. ख मध्ये तर र आणि व दोन्ही लपलेत, 'खण'ला ती 'रवण' म्हणाली तेव्हा मला हसू आलं आणि ती रुसली, त्या दिवशीचं वाचन संपलं. हसू नका.

शेवटचा अ. पोर घ, र सुटं सुटं वाचतं आणि "घऽ रऽ" म्हणून थांबतं, त्याला कळतच नाही की हे आपलं घर आहे. मग विचारायचं, "आता पटकन बोल, आपण बोलताना कसं बोलतो?" अर्थ लागला की आवाज आपोआप नीट होतो.

च, ज, झ ला मराठीत दोन-दोन आवाज. चाकातला च आणि चंद्रातला च वेगळा, जहाजातला ज आणि जेवणातला ज वेगळा, झाडातला झ आणि झेंड्यातला झ वेगळा. लिहायला एकच. याचा नियम शिकवत बसू नका, पोरगी मराठी बोलते ना, मग शब्द ओळखला की ती बरोबरच बोलेल. फक्त तिनं "असं का?" विचारलं तर "हो, आपल्याकडे आहे असं" एवढं प्रामाणिकपणे सांगा.

ळ. हा कुठल्याच शब्दाच्या सुरुवातीला येत नाही म्हणून तक्त्यावर बिचारा 'ळ बाळाचा' म्हणून शेपटाकडून येतो. पोरं शाळेला शाला म्हणत असतील तर जोड्या वाचायला द्या: काल आणि काळ, वेल आणि वेळ. "वेल झाली" आणि "वेळ झाली" यावर आमच्याकडे अर्धा तास हसाहशी झाली होती.

अनुस्वार हा तर माझा आवडता खड्डा. 'अंडं' शब्द घ्या, पहिल्या टिंबाचा आवाज ण् सारखा आणि दुसऱ्या टिंबाला तसा आवाजच नाही, नुसता अ लांबतो. पंख्यात वेगळा, आंब्यात वेगळा. पोर 'केलं'ला 'केलम्' वाचतं, आणि चूक त्याची नाहीये. मी तिला सांगितलं की शब्दाच्या शेवटी टिंब दिसलं तर ते बहुतेक वेळा टिंब नाहीच, ती 'अ लांब कर'ची खूण आहे. त्यात पुस्तकापुस्तकात फरक, एकात 'केलं' छापतात, दुसऱ्यात 'केले'. सुरुवातीच्या सहा महिन्यांत शक्यतो बोलीतलं 'केलं' असलेलीच पुस्तकं घ्या म्हणजे पोरगी जसं बोलते तसंच कागदावर दिसेल.

र चे अवतार शेवटी. रफार, चक्रातला, ट्रकमधला, आणि 'दुसऱ्या'मधला तो झोपलेला र. एका आठवड्याला एक.

स्टेशनांच्या पाट्या

जोडाक्षरांसाठी पुस्तक शोधत बसलो होतो आणि उत्तर रोज डोळ्यांसमोर होतं. आमच्या लाइनवरच्या स्टेशनांची नावं बघा, सोप्यातून अवघडाकडे कशी लागतात: दिवा, कोपर, ठाणे यात जोडाक्षर नाही. कळव्यात ळ. डोंबिवलीत टिंब आणि दोन्ही वेलांट्या. मग मुंब्रा, त्यात टिंब पण आणि ब्र पण. ठाकुर्ली आणि कुर्ल्यात रफार. कल्याणमध्ये ल्या, विक्रोळीत क्र आणि ळ दोन्ही. आणि प्रत्येक पाटीवर इंग्लिश नाव पण असतं म्हणजे अडलं तर पोर स्वतःच ताडून बघतं, आपल्याला काही सांगावं लागत नाही. रविवारी मेगाब्लॉक नसलेली वेळ बघून तिला ठाण्यापर्यंत नेऊन आणायचो, खिडकीपाशी. जाताना ती पाट्या वाचणार आणि येताना तिला ताईच्या मांडीवर झोप लागणार, तेव्हा माझं पुस्तक. तुम्ही एसटीच्या गावात राहत असाल तर बसच्या पाट्या आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत, वाण्याकडच्या पुड्या आहेत. लग्नपत्रिका तर भारीच, तिच्यात आख्खं खानदान मोठ्या टायपात छापलेलं असतं आणि चि. सौ. कां. म्हणजे काय यावर वेगळा तास होतो.

पायरी ४: ती १५ मिनिटं नक्की कशी घालवायची

पाच मिनिटं कार्डं, आठ-नऊ मिनिटं पुस्तक, शेवटी एक जोक किंवा कोडं मी वाचून दाखवणार. एवढंच.

पुस्तक वाचताना एक ओळ मी, एक ओळ ती. अडली तर मनात पाच आकडे मोजा आणि मगच तोंड उघडा, मला हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण आपल्या जिभेवर शब्द तयार असतो. चुकीचं वाचलं तर तिथेच टोकू नका, वाक्य संपू दे, मग विचारा "याचा अर्थ लागला का गं?" अर्थ लागला नाही की ती स्वतः मागे जाते. वाक्यामागे एकच चूक दुरुस्त करायची, बाकीच्या उद्या.

बोट ठेवून वाचलं तर वाचू दे. आमच्याकडे आजोबांचं म्हणणं होतं की बोट ठेवायची सवय लागते. लागू दे, नंतर सुटते. तेच पुस्तक दहा वेळा आणलं तरी नाही म्हणू नका, पाठ झालंय म्हणून वाचतेय असं वाटेल, पण पाठ असलेल्या शब्दाकडे बघता बघता अक्षरं पक्की होतात.

आजीची संध्याकाळची परवचा मात्र बंद करायला लावू नका. पाढे, शुभंकरोती, बाराखडीचा ठेका, ते सगळं कानात राहतं, आणि आजीला पण वाटायला हवं ना की तिचा पण हात आहे यात. मी आधी "आई, पाठांतर नको" वगैरे मोठं भाषण दिलं होतं, त्यावर आईनं "तू असाच शिकलास" एवढंच म्हटलं. विषय संपला.

पुस्तकं कुठून आणायची: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, १ ते ४ पातळ्या लावलेल्या, पातळी १ मध्ये पानाला एखादं-दुसरं वाक्य. मी ऑफिसात प्रिंट काढायचो (हे बॉसला सांगू नका). बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, पण ते जरा वाचता यायला लागल्यावर. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे वाचनालयात नाव घाला. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आपल्याकडे हा प्रकार जुना आहे आणि बऱ्याच गावात एखादं वाचनालय अजून तग धरून असतं, फी पण फार नसते. तिला बरोबर न्या आणि तिचं पुस्तक तिलाच निवडू दे, ती जाडजूड डायनोसॉरचं उचलेल जे तिला वाचता येणार नाही, न येऊ दे, तरी घ्या. तुम्ही तुमच्या कपाटाकडे जा. तिथे मिळणारी ती १० मिनिटं फार गोड असतात.

मे महिन्यात कुठे जायचं ठरत नसेल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार बघा, पुस्तकांचं गाव, २०१७ मध्ये सुरू झालं, लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायचं. आणि स्ट्रॉबेरी.

पायरी ५: या दिवसांत आपण काय वाचायचं

याबद्दल कुणीच बोलत नाही. पोराचं वाचन लागेपर्यंतचे सहा-आठ महिने ८०० पानी कादंबरी हातात घेऊ नका. मी घेतली होती. दर चार पानांनी तोडून परत उघडली की कोण कुणाचा चुलता हेच आठवत नाही, आणि मग आपण पुस्तकावर रागावतो आणि पुस्तकाचा राग पोरावर निघतो. कथासंग्रह, ललित लेख, कविता, पत्रं, प्रवासवर्णन, असं काहीतरी घ्या जे दहा मिनिटांत एक घास होतं. दिवाळी अंक तर यासाठीच बनलेत असं वाटतं. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात माझी भाची नसणार, पण उपकार आहेत. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, एकदा भरली की पुढचे काही महिने बदलून बदलून अंक मिळतात. मोठी कादंबरी सकाळच्या वेळेला.

म्हणजे दोन पुस्तकं एकदम चालू ठेवायची, एक चटईवरचं आणि एक सकाळचं. पहिल्यांदा विचित्र वाटतं, मग सवय होते.

फोनवर वाचत असाल तर पोरासमोर नको. तुम्ही फोनवर कितीही गंभीर वाचत असलात तरी तिच्या दृष्टीनं मामा रील बघतोय. मला हे पटत नव्हतं, मग एकदा तिनं गप्प वाचनाच्या वेळी "मग मला पण फोन दे, मी पण वाचते" म्हटलं आणि वाद संपला. किंडल चालतं, काळापांढरा कंटाळवाणा दिसतो, तिला त्यात रस नाही.

आणि ही एक युक्ती लिहून ठेवा. मला अगदीच महत्त्वाचा भाग वाचायचा असला की मी तिला पेपरचं जुनं पान आणि पेन्सिल देतो, "यात ळ किती आहेत ते गोल करून सांग". पूर्ण पानाला सात ते दहा मिनिटं जातात. पुढे पुढे अवघड करायचं: रफार शोध, टिंबवाले शब्द शोध, तुझ्या नावातलं पहिलं अक्षर शोध. तिला खेळ, तिचा सराव, आपली पाच पानं. फक्त वाचनालयाच्या पुस्तकात करू देऊ नका, मी दंड भरलाय.

कधीतरी आपल्या पुस्तकातलं एखादं वाक्य तिला वाचून दाखवा, कळेल असं नाही पण तुम्ही हसलात का किंवा थांबलात का ते तिला कळतं. ती मला विचारते, "आज काय झालं तुझ्यातल्या गोष्टीत?" आणि मग मला मोठ्यांची कथा सात वर्षांच्या पोरीला सांगण्याजोगी करावी लागते. ते काम सोपं नाही, एका कथेचं तर मी "एक काका होते, त्यांना खूप कंटाळा आला होता" एवढंच करू शकलो. पण खरंतर कथा तेवढीच होती.

बिघडतं तेव्हा

बिघडणारच आहे. पाहुणे आले, गणपती आले, परीक्षा आली, ताप आला, आठवडा गेला. गेला तर गेला, परत पाच मिनिटांपासून सुरू करायचं, भरपाई म्हणून रविवारी दोन तास बसवू नका. एखाद्या दिवशी ती "नको" म्हणाली तर तिची १५ मिनिटं रद्द, पण गप्प वाचन रद्द नाही, तिला वाचायचं नसेल तर चित्र काढू दे, तुम्ही मात्र पुस्तक उघडून बसा. एखाद्या दिवशी तुम्ही दमून आलात तर तेच उलट, तिला म्हणा आज तू मला वाचून दाखव, मी डोळे मिटून ऐकतो. मला यात दोनदा झोप लागली. तिनं ताईला जाऊन सांगितलं की मामाला माझी गोष्ट इतकी आवडली की तो झोपला.

शाळेतून एकदा जोडाक्षरांची ६० शब्दांची यादी आली, सोमवारी श्रुतलेखन. यादीत 'उज्ज्वल' होतं, जे मलाही दोनदा बघून लिहावं लागतं. ताई टेन्शनमध्ये. आम्ही त्यातले १५ शब्द नीट केले आणि बाकीचे सोडून दिले. तिला २० पैकी ८ मिळाले. जगबुडी झाली नाही.

पण एक गोष्ट गंभीरपणे. आठ वर्षं होऊन गेली, नियमित सराव आहे, तरी रोजची अक्षरं परत परत विसरली जातायत, ओळी सुटतायत, वाचायचं म्हटलं की पोर खरोखर आजारी पडतंय, असं असेल तर मामाची कार्डं पुरत नाहीत. वर्गशिक्षकांशी बोला, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या, ती काही सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलांतही होते. हे आळस किंवा हट्ट म्हणून ढकलत राहिलं की पोराचीच वर्षं जातात. आणि हे ताईला सांगताना "हिच्यात काहीतरी आहे" असल्या भाषेत सांगू नका, तुम्ही काय काय बघितलं ते वहीतून वाचून दाखवा, म्हणून पायरी १ मध्ये वही सांगितली.

पायरी ६: हळूहळू हात काढून घेणं

साधारण नवव्या महिन्यात आमच्याकडे कार्डं बंद झाली. एक ओळ मी एक ओळ ती, याचं एक पान मी एक पान ती झालं, मग ती म्हणाली तू मध्ये मध्ये वाचतोस ते स्लो होतं. मी स्लो! तिची १५ मिनिटं आता गप्प वाचनातच गेली, म्हणजे सलग अर्धा तास दोघांचं आपापलं. अडलेला शब्द तेवढा बोट ठेवून दाखवते, मी सांगतो, परत शांतता. मोठ्यानं वाचणं आठवड्यातून दोनदा ठेवलंय, कारण मनात वाचताना पोरं अवघड शब्द गुपचूप उडी मारून जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तुम्हीही ते एवढ्यात सोडू नका.

परवा ताईनं जेवायला हाक मारली, एकदा, दोनदा. मी उठलो, हिला म्हटलं चल. तिनं मान वर न करता विचारलं, "आग लागलीय का?"

आमच्या वाचनालयाच्या कार्डावर एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. त्यातलं एक आता तिचं असतं, आणि ते ती बदलायला दर चार दिवसांनी मला पळवते, त्यामुळे माझी ती मोठी कादंबरी दोनदा मुदत वाढवूनही अजून पान २१२ वर आहे. मुलांचं वेगळं कार्ड मिळतं का ते येत्या शनिवारी विचारणार आहे.